क्रिमिनल जस्टिसची पदवी: नेमकं काय शिकवतात आणि कोणी घ्यावी?

कोयरी
माझ्या भाचीने जाहीर केलंय की तिला विद्यापीठात क्रिमिनल जस्टिस शिकायचंय. घरात लगेच दोन तट. ताई म्हणते, एवढी हौस आहे तर सरळ कायदा शिक. भावजींच्या मते पोरीने तपासाच्या मालिका जरा जास्तच बघितल्यात. आणि मावशी काय ती समजूतदार, म्हणून मध्यस्थी माझ्या गळ्यात. मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. अभ्यासक्रम चाळला तर समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, पोलीस, तुरुंग, सगळंच दिसलं. हा एक विषय आहे की पाच विषयांचं गाठोडं? कायदा किंवा फॉरेन्सिकपेक्षा यात वेगळं काय? पुढे काम कसलं मिळतं? कुणी स्वतः शिकलं असेल किंवा अशा लोकांबरोबर काम केलं असेल तर सविस्तर लिहा. भाचीही धागा वाचणार आहे, तेव्हा भांडा पण जपून.

सडेतोड
चोर पकडायला पदवी लागते हे आजच कळलं. पोलिसात जायचं तर भरती, कोर्टात जायचं तर वकिली. मधलं हे काय? विद्यापीठांना फी हवी असते, म्हणून दर वर्षी एक नवा विषय निघतो.

शेवंती
वाचनखूण साठवली. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

मागचा_बाक
सडेतोड, नवा नाही हो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ साली आपल्या पोलिसांसाठी शाळा काढली आणि पुढे पोलिसांनी विद्यापीठात शिकावं म्हणून आयुष्यभर पाठपुरावा केला. केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्राची संस्था १९५९ची, न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज १९६४चं. अमेरिकेत या पदव्यांचं पीक आलं ते मात्र १९६८नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने नोकरीतल्या पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा मिळायला लागला. साहजिकच बरीच वर्षं हा पोलिसांचाच कोर्स राहिला आणि काही ठिकाणी प्रशिक्षण केंद्रातलेच धडे विद्यापीठाच्या शिक्क्याने शिकवले गेले. तुमचा टोमणा त्या काळाला चपखल बसतो.

कोयरी, मी हीच पदवी घेऊन बाहेर पडलो, म्हणून जरा लांब लिहितो. गुन्हा का घडतो हा गुन्हेगारीशास्त्राचा प्रश्न. गुन्ह्याचा आरोप झाल्यावर यंत्रणा काय करते, हा आमचा. दोन्ही इतके गुंतलेत की पुष्कळ ठिकाणी विभाग एकच असतो, पण रोख वेगळा. तक्रार आली की ती नोंदवायची का, इथून सुरुवात. मग अटक, आरोपपत्र, जामीन, खटला, शिक्षा, तुरुंग, सुटका. प्रत्येक पायरीवर 'पुढे पाठवायचं की इथेच सोडायचं' हे ठरवणारा कुणीतरी माणूस बसलेला असतो आणि कायद्याने त्याला बरीच मोकळीक दिलेली असते. त्या मोकळिकीच्या सीमा कायद्याच्या पुस्तकात सापडतात. ती रोजच्या रोज वापरली कशी जाते, कोणासाठी सैल होते आणि कोणासाठी आवळते, ते आम्ही मोजतो.

सुरुवातीलाच हर्बर्ट पॅकर भेटतो. या कायद्याच्या प्राध्यापकाने १९६४ साली दोन चित्रं मांडली. एकात यंत्रणा म्हणजे कारखान्यातला सरकता पट्टा: निर्दोष लोक पोलीस आणि सरकारी वकीलच सुरुवातीला गाळून टाकतील हे गृहीत धरायचं, उरलेल्यांना झटपट पुढे सरकवायचं. दुसऱ्यात ती अडथळ्यांची शर्यत: पोलिसांचीही चूक होऊ शकते, म्हणून प्रत्येक पायरीवर सरकारला पुन्हा सिद्ध करायला लावायचं. वर्गातले सगळे पहिल्या दिवशी एका बाजूला ठाम असतात. प्रत्यक्ष प्रकरणं वाचायला लागली की दर आठवड्याला बाजू बदलते. चोरी आपल्याकडे झाली की पट्टा हवा असतो, आरोप सख्ख्या भावावर आला की अडथळे.

मला स्वतःला हलवलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या प्रयोगाने. १९७२-७३मध्ये तिथल्या पोलिसांनी शहराच्या दक्षिण भागातल्या गस्तीच्या १५ हद्दी घेतल्या आणि पाच-पाचचे तीन गट केले. एका गटात नेहमीची फिरती गस्त पूर्ण बंद, फोन आला तरच गाडी जाणार. दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट. तिसऱ्यात पूर्वीसारखी. वर्षभराने बघितलं तर नोंदलेले गुन्हे, लोकांची भीती, पोलिसांवरचा विश्वास, कशातच म्हणावा तसा फरक नाही. आपल्या भागातली गस्त वाढली की गेली, हेही बहुतेकांना जाणवलं नव्हतं! त्या काळी 'फिरती गाडी दिसली की गुन्हेगार दबकतो' हे पोलीस खात्याचं वेदवाक्य होतं.

आता यावरून कोणी 'म्हणजे पोलीस निरुपयोगी' असं म्हणेल, तर थांबा. पुढे अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले फोन पत्त्यांनुसार मांडले, तेव्हा सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले निघाले. मग गस्त शहरभर पातळ न पसरता नेमक्या त्या कोपऱ्यांवर एकवटली, आणि फरक दिसला. प्रश्न 'गस्त हवी का' एवढाच नव्हता, 'कुठे' हाही होता. या विषयाची मजा हीच आहे, आणि ती मालिकेत येत नाही.

उलटतपासणी
वर उत्तम लिहिलंय. मी बचाव पक्षाची वकिली करते. 'सरळ कायदा शिक' म्हणणाऱ्या ताईंसाठी थोडं.

वकील व्हायचं असेल तर कायद्याची पदवी हवीच, क्रिमिनल जस्टिसची पदवी तिची जागा घेत नाही. हे भाचीला आधी स्पष्ट सांगा, कारण पुष्कळ मुलं याच गैरसमजात प्रवेश घेतात. पण कायदा शिकताना आम्ही निकालपत्रं वाचली. म्हणजे जी प्रकरणं लढली गेली, वरच्या कोर्टात गेली, ज्यांत न्यायाधीशांनी काही लिहून ठेवलं, ती. खालच्या कोर्टातून रोज जे वाहून जातं त्याबद्दल एक अक्षर नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त दोषसिद्धी आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, खटला उभाच राहत नाही. तरी कायद्याचा विद्यार्थी वर्षानुवर्षं खटलाच शिकतो.

आमच्या कोर्टात या विषयाची मुलं निरीक्षणाला येतात. मागच्या बाकावर वही घेऊन बसायचं, जामिनाचे अर्ज बघायचे आणि रकाने भरायचे. सुनावणी किती मिनिटं, वकील आहे का, वकील आरोपीला आधी भेटलाय का, काय मागितलं, काय मिळालं. सुरुवातीला सगळ्यांचे डोळे न्यायाधीशांवर. हळूहळू ती कारकुनाकडे आणि दाराकडे बघायला लागतात. कारण तिथे दिसतं की वकील फाइलवरचं नाव वाचत आपला अशील कोणता ते शोधतोय. दोघांची पहिली भेट दारातच, उभ्या उभ्या. युक्तिवादापेक्षा कागद सापडायलाच जास्त वेळ. कायमचा पत्ता आहे का, नोकरी आहे का, हमी कोण देणार, एवढ्यावर माणूस घरी जातो नाहीतर आत. एका मुलीच्या वहीत 'आरोपी काय बोलला' असा तिने स्वतःच जोडलेला रकाना होता. खाली जवळजवळ सगळीकडे 'हो' किंवा आडवी रेघ. मी इतकी वर्षं त्याच खोलीत उभी राहते, पण असा रकाना आखायचं मला काही सुचलं नसतं.

सडेतोड
सगळं आरोपीच्या बाजूचं. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा रकाना कुठेय? दोन-चार जणांना जबर शिक्षा द्या, बाकीचे आपोआप सरळ होतात. त्याला प्रयोग कशाला हवेत?

जाडाचष्मा
सडेतोड, पहिला मुद्दा रास्त आहे. म्हणूनच पीडितांचा अभ्यास ही वेगळी शाखा झाली. पोलिसांकडे नोंद किती यावर सगळे विसंबून होते, तेव्हा काही देशांनी सरळ घरोघरी जाऊन विचारायला सुरुवात केली: गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय घडलं, तक्रार केलीत का, नसेल तर का नाही. अमेरिकेत हे सर्वेक्षण १९७३पासून, ब्रिटनमध्ये १९८२पासून. पोलिसांपर्यंत न पोचलेल्या गुन्ह्यांचा ढीग त्यातून पहिल्यांदा नीट दिसला. आजही अमेरिकी सर्वेक्षणात हिंसक गुन्ह्यांतले निम्म्याहून कमीच पोलिसांना कळवले गेल्याचं आढळतं. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नये. कधी कधी लोकांचा विश्वास वाढलेला असतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुम्ही साधारण अडीचशे वर्षं उशिरा आलात. मिलानच्या चेझारे बेकारियाने पंचविशीत, १७६४ साली, आधी निनावी छापलेल्या पुस्तकात हेच मांडलं की माणसाला आवर घालते ती पकडले जाण्याची खात्री, शिक्षेची क्रूरता नव्हे. पुढच्या संशोधनाने त्यावर बरेच शिक्कामोर्तब केलं. कारण साधं आहे. पाच वर्षांची शिक्षा आठ वर्षांची केली हे गुन्हा करणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं, आणि ठाऊक असलं तरी 'मी सापडणार नाही' हाच त्याचा हिशेब असतो.

जाता जाता, आकडे बघायचे कसे हे या पदवीत चांगलं घोटून घेतात. 'नॉर्वेत सुटलेल्या कैद्यांपैकी २० टक्केच परत गुन्हा करतात, अमेरिकेत ६८ टक्के' हे फॉरवर्ड सगळ्यांकडे आलं असेल. दोन्ही आकडे खरे आहेत आणि तुलना तरीही लंगडी. अमेरिकेचा आकडा २००५मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्यांचा, तीन वर्षांत पुन्हा *अटक* झालेल्यांचा. नॉर्वेचा आकडा दोन वर्षांत पुन्हा *शिक्षा* झालेल्यांचा. अटक झाली म्हणजे शिक्षा होतेच असं नाही, आणि दोन वर्षं म्हणजे तीन नव्हेत. नॉर्वेचे तुरुंग चांगले असतील, माझं मतही तेच आहे, पण या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

सूक्ष्मदर्शक
मी प्रयोगशाळेत आहे, म्हणून फॉरेन्सिकच्या प्रश्नापुरतं. प्रयोगशाळेत बसायचं असेल तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र पक्कं हवं. क्रिमिनल जस्टिसची पदवी घेऊन मायक्रोस्कोपवर बसता येत नाही. दर वर्षी असे अर्ज येतात आणि वाईट वाटतं.

पण माझ्या सहकाऱ्यांनी यातले एक-दोन पेपर तरी वाचावेत असं मला फार वाटतं. बोटांच्या ठशांचंच घ्या. ठशांची पद्धतशीर वर्गवारी कलकत्त्याच्या कार्यालयात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली, १८९७पासून ती सरकारी वापरात आली आणि नाव लागलं साहेबाचं, हेन्रींचं. त्यानंतर शंभर वर्षं कोर्टात 'ठसा जुळला' म्हटलं की विषय संपला. २००४च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा असल्याचं छातीठोक सांगितलं आणि तो गृहस्थ आत गेला. मग स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. २००९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवालात लिहिलं की डीएनए सोडला तर बहुतेक तंत्रांनी 'हा पुरावा याच माणसाचा' असं खात्रीने सांगता येतं हे काटेकोरपणे सिद्धच झालेलं नाही. आमच्या क्षेत्रात त्यावर अजून धुसफुस चालते.

आणि डीएनए तरी? गुन्हे तपासात तो इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या दोन खुनांच्या प्रकरणात पहिल्यांदा वापरला गेला. त्याने आधी कोणाला पकडून दिलं नाही. त्याने एका १७ वर्षांच्या मुलाला सोडवलं, ज्याने चौकशीत एका खुनाची कबुली देऊन टाकली होती. खरा खुनी नंतर सापडला, १९८८मध्ये त्याला जन्मठेप झाली. न केलेल्या खुनाची कबुली कोण कशाला देईल, हा प्रश्न माझ्या शास्त्रातला नाही. तो भाचीच्या शास्त्रातला.

उलटतपासणी
सूक्ष्मदर्शक, टाळ्या. साक्षीदारांचंही तेच. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या शेकडो लोकांच्या प्रकरणांत दोन तृतीयांशांच्या आसपास ठिकाणी साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखलेला होता. खोटं बोलत होते म्हणून नव्हे, मनापासून खात्री होती म्हणून. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं, हा उपाय संशोधनातूनच आला. नकळत मान हलते, 'बरोबर' असा हुंकार निघतो आणि साक्षीदाराची धूसर आठवण एका क्षणात पक्की होते.

सडेतोड
मग तुमचं संशोधन तरी कुठे एका सुरात बोलतं? आज एक सांगतात, दहा वर्षांनी उलटं.

मागचा_बाक
बोलत नाहीच. यावर तर एक अख्खी कहाणी शिकवतात. मिनियापोलिसमध्येच कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ प्रकरणांत पोलिसांनी काय करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं: अटक, समज, किंवा एकाला काही तास घराबाहेर पाठवणं. १९८४मध्ये निष्कर्ष आले की अटक केलेल्यांनी सहा महिन्यांत पुन्हा हात उचलण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं आणि कित्येक शहरांनी अटक सक्तीची केली. मग तोच प्रयोग इतर शहरांत केला तेव्हा चित्र विस्कटलं. मिलवॉकीत नोकरी असलेल्यांवर अटकेचा धाक चालला, बेकारांच्या बाबतीत उलट मारहाण वाढली.

यात तुम्हाला गोंधळ दिसतो, मला वेगळं दिसतं. एका शहराच्या एका प्रयोगावर देशाचं धोरण बांधू नये, हे सांगायला तरी कोणीतरी तो प्रयोग परत करायलाच हवा होता. आणि ते करणाऱ्यांत मूळ प्रयोग करणारा लॉरेन्स शर्मन स्वतः होता, मिलवॉकीचा प्रयोग त्याचाच.

जुनीवही
उशिरा आले, पण कामाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. प्रोबेशनमध्ये बरीच वर्षं काढली. तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणाऱ्यांचं काम. या पदवीची मुलं प्रामुख्याने इथे येतात: प्रोबेशन, तुरुंगातलं पुनर्वसन, पीडितांना मदत, बालगुन्हेगारांसोबतचं काम, पोलिसांकडचं आकडेविश्लेषण, धोरण, संशोधन. बँका आणि विमा कंपन्यांत फसवणूक शोधणाऱ्या विभागांतही घेतात. नियम देशागणिक बदलतात, तेव्हा ज्या नोकरीवर डोळा आहे तिची पात्रता प्रवेशाआधी वाचा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली हसऱ्या चेहऱ्यांची पानं वाचू नका.

आता जे पत्रकात नसतं ते. दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात जातो. न्यायाधीशांसाठीचा अहवाल, भेटीची नोंद, अट मोडल्याची नोंद. एखादा माणूस ठरलेल्या वेळी आला नाही. बस चुकली की दांडी मारली? अट मोडली असं लिहिलं तर तो आत जाऊ शकतो. नाही लिहिलं आणि त्याने काही केलं तर बोट माझ्याकडे. कागदावर एक ओळ असते ती, 'भेटीस अनुपस्थित', आणि तिच्यापुढे कारण लिहायला बोटभर जागा.

दुसरं म्हणजे, चांगल्या मनाने केलेलं काम चांगलंच होतं ही समजूत सोडावी लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली ५०६ मुलं घेऊन एक मोठा प्रकल्प सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, सगळं दिलं. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांतले बरेच जण कृतज्ञतेने बोलले, आयुष्याला वळण लागलं म्हणाले. आणि नोंदी तपासल्या तर मदत न मिळालेल्यांपेक्षा त्यांचंच जास्त बिघडलं होतं: वारंवार गुन्हे, दारू, आजार, लवकर मृत्यू. हे वाचल्यावर दोन दिवस मला कामावर जावंसं वाटेना. पण त्यानंतर 'आम्ही इतक्या लोकांपर्यंत पोचलो' असा अहवाल कोणी पुढे सरकवला की मी विचारते, पोचून झालं काय?

भाचीचं मन हळवं असेल तर घाबरू नका, हळवी माणसं इथे टिकतात. स्वतःला तारणहार समजणारी टिकत नाहीत.

कोयरी
सगळ्यांना दंडवत! इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताईला उलटतपासणींचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने 'हं' केलं. आमच्याकडे हे बऱ्यापैकी यश मानतात. भावजी अजून मालिकांवरच अडून आहेत. भाचीने तो वहीतला रकाना वाचून लगेच विचारलं, की कोर्टात असं कोणीही जाऊन बसू शकतं का? शिवाय तिला गणिताची धास्ती आहे, संख्याशास्त्र टाळता येतं का असं विचारतेय.

उलटतपासणी
बहुतेक कोर्टांची सुनावणी खुली असते, बसू द्यावं लागतं. बालकांची आणि काही नाजूक प्रकरणं बंद दाराआड चालतात, तिथे नाही. फोन बंद ठेवायचा, रेकॉर्डिंग करायचं नाही, आणि आत जाताना शिपायाला विचारायचं. कोणत्या खोलीत काय चाललंय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

जाडाचष्मा
टाळता येत नाही, आणि टाळता येत असेल असा अभ्यासक्रम घेऊ नये. पण लागतं ते टक्केवारी, नमुना कसा निवडला, दोन गट तुलनेजोगे आहेत का, एवढ्यापासून सुरू होणारं गणित. कॅल्क्युलसच्या भीतीने पळायची गरज नाही. वर नॉर्वेची तुलना लंगडी का ते तिला वाचूनच समजलं असेल तर निम्मं काम झालं.

सडेतोड
त्या कॅन्सस सिटीच्या प्रयोगाचा अहवाल कुठे मिळेल? मला त्यात खोट आहे असं वाटतंय. सापडली तर इथेच टाकतो.

मागचा_बाक
पोलीस फाउंडेशनने १९७४ साली छापलाय, शोधलात तर मिळेल. खोटी आधीच निघाल्यात, तुमचा वेळ वाचवतो: हद्दी फक्त १५, त्यामुळे लहानसहान फरक असला तरी आकड्यांत दिसलाच नसता. शिवाय गस्त बंद असलेल्या भागांतही फोन आला की गाड्या जातच होत्या, दिवे लावून, भोंगा वाजवत. लोकांना पोलीस दिसत राहिले ते त्यामुळे, असा एक आक्षेप आहे. तिसरी सापडली तर नक्की टाका.